१९२७-३० च्या फिल्म्समधले हॉट जॅझ बँड खरंच कॅमेऱ्यासमोर वाजवतायत की प्लेबॅक?

चौथी_रांग

जाणकारांसाठी प्रश्न आहे, जरा लांबण लावून विचारतोय, सांभाळून घ्या. सध्या विसाच्या दशकातले अमेरिकन डान्स बँड ऐकायचं वेड लागलंय. सुरुवात 'द जॅझ सिंगर'पासून केली, कारण एकतर नावातच जॅझ आणि वर पहिला बोलपट म्हणून जिथेतिथे तेच नाव. तर त्यात जॅझ शोधून सापडेना! अल जोल्सन जीव तोडून गातो, गुडघ्यावर बसतो, सगळं करतो, पण मागचा ऑर्केस्ट्रा साधा थिएटरातला वाटतो, आणि बोलणं म्हणाल तर सगळं मिळून दोनेक मिनिटं, बाकी मूकपटासारख्या पाट्या.

मग शोधता शोधता व्हायटाफोनच्या त्या आठ-दहा मिनिटांच्या शॉर्ट फिल्म्स हाती लागल्या आणि तिथून बाहेर पडणं अवघड झालंय. काळे कोट घातलेले दहा-बारा जण दोन रांगांत बसलेत, पुढे बँडलीडर छडी घेऊन उभा (बऱ्याचदा बँडकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे बत्तिशी), कॅमेरा जागचा हलत नाही, आणि मधेच एक कोणीतरी उठतो, ट्रम्पेट तोंडाला लावतो आणि वीस सेकंद अशी आग लावून खाली बसतो की परत मागे जाऊन बघावंच लागतं.

तर शंका अशा की एक, हा आवाज त्याच वेळी रेकॉर्ड झालाय की आधी रेकॉर्ड करून नंतर तोंडं हलवली, कारण काही ठिकाणी इतकं अचूक जुळतं आणि काही ठिकाणी पार घसरलेलं असतं. दुसरं म्हणजे ड्रमवाला हात तर दणादण चालवताना दिसतो पण ऐकू येतो तो बँजो आणि ट्यूबा, हे काय प्रकरण आहे? आणि खरा प्रश्न तिसरा, की हेच लोक इतकं भारी वाजवू शकतात तर फिल्मचा तीनचतुर्थांश वेळ गुळगुळीत गाण्यात आणि विनोदी चेहरे करण्यात का घालवतात? आणि जाता जाता, कॉर्नेटवाला बिक्स बायडरबेक कुठे बघायला मिळतो का हो?

---

जुनी_सुई

छान धागा. पहिल्या दोन शंकांचं मी बघतो, तिसरीसाठी बँजोवाली येईलच.

व्हायटाफोन म्हणजे वॉर्नर ब्रदर्स आणि वेस्टर्न इलेक्ट्रिक यांची तबकडीवाली पद्धत. ऑगस्ट १९२६ मधे न्यूयॉर्कला 'डॉन वान' लागला तेव्हा ती लोकांपुढे आली, म्हणजे जॅझ सिंगरच्या वर्षभर आधी (तो ऑक्टोबर १९२७ चा). आवाज फिल्मवर नसायचाच मुळी, तो १६ इंची तबकडीवर असायचा, मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे, आणि गंमत म्हणजे सुई आतून बाहेर जायची. त्या काळी पोलादी सुई एका तबकडीतच झिजायची आणि आतल्या बाजूला खाच सगळ्यात हळू सरकते म्हणजे तिथेच आवाज खराब व्हायची भीती जास्त, मग नवी कोरी सुई आधी आत लावायची असा हिशोब. हजार फुटांचं एक रीळ मिनिटाला ९० फुटांनी चाललं की साधारण ११ मिनिटं होतात, एक तबकडीही तेवढीच चालते. तुझे आठ-दहा मिनिटांचे शॉर्ट त्यामुळेच त्या लांबीचे आहेत, एक रीळ एक तबकडी, संपला विषय.

थिएटरात प्रोजेक्टर आणि तबकडी एकाच मोटरवर. ऑपरेटरने फिल्मची 'स्टार्ट'ची चौकट गेटमधे बसवायची, सुई तबकडीवरच्या बाणावर ठेवायची, आणि मोटर सुरू. तबकडीच्या लेबलवर छोटे छोटे चौकोन छापलेले असायचे, प्रत्येक खेळाला एकावर फुली मारायची, वीसेक खेळ झाले की तबकडी बाद. आता समज मधेच फिल्म तुटली आणि जोडताना चार चौकटी गेल्या, तर तेवढीच काळी फिल्म मधे घालायला लागायची, नाहीतर तिथून पुढे सगळं मागेपुढे. तुला जे घसरलेलं दिसतं त्यातलं बरंचसं असंच आहे, त्या दिवशी वाजवणारे बिचारे बरोबर वाजवत होते. शिवाय कित्येक फिल्म्सची तबकडी एकीकडे आणि मुकं रीळ दुसरीकडे अशी दशकानुदशकं ताटातूट झालेली, १९९१ पासून व्हायटाफोन प्रोजेक्टवाली मंडळी खाजगी संग्राहकांकडच्या तबकड्या हुडकून अर्काइव्हमधल्या रिळांशी जोड्या लावतायत, म्हणून तर आज आपल्याला हे घरबसल्या दिसतंय.

आता मुख्य मुद्दा, लाइव्ह की प्लेबॅक. १९२६ ते २९ च्या या बँड शॉर्ट्समधे जवळजवळ सगळं लाइव्ह. आवाज मेणाच्या तबकडीवर कोरला जायचा, आणि मेणात एडिटिंग नावाची गोष्ट नाही. तिथल्या तिथे ऐकायला एकदा सुई फिरवली की ते मेण वाया, म्हणून त्यासाठी दुसरं मेण वेगळं चालू ठेवायचे. म्हणजे दहा मिनिटं एका दमात वाजवायचं, नवव्या मिनिटाला क्लॅरिनेट किंचाळला तर पहिल्यापासून. मग क्लोजअप कुठून आणायचे? तर दोन-तीन कॅमेरे एकदम चालवायचे, एक लांबून, एक जवळून, आणि नंतर चित्र कापून त्या अखंड आवाजावर बसवायचं. आणि कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमधे येऊ नये म्हणून कॅमेरा आणि कॅमेरामन दोघंही काचेच्या खिडकीच्या बंद खोलीत. कॅमेरा हलत नाही म्हणतोस, तो हलणार कसा, अख्खी खोली हलवायला लागेल! दिवेही बदलले, आधीच्या आर्क दिव्यांचा गुंजारव आवाजात यायचा म्हणून मोठे मोठे तापणारे बल्ब आले, आणि त्याखाली हे लोक लोकरी कोट घालून बसलेत. अगदी सुरुवातीचं शूटिंग मॅनहॅटन ऑपेरा हाऊसमधे झालं, तिथे शेजारी सबवेचं खोदकाम चाललेलं, सुरुंगाच्या धक्क्याने टेकच्या टेक फुकट. नंतर ब्रुकलिनला फ्लॅटबुशच्या स्टुडिओत बरेच बँड चित्रित झाले.

ड्रमचं असं की मायक्रोफोन मोजके आणि ड्रमवाला सगळ्यात मागे. शिवाय मोठ्या ड्रमचा दणका जोरात आला तर कोरणारी सुई शेजारच्या खाचेत घुसायची, म्हणून रेकॉर्डिंग इंजिनिअर त्याला आवरून धरायचे, लाकडी ठोकळा वाजव, झांज हाताने दाबून वाजव, असं. बँजोचा टणत्कार मात्र कशातूनही आरपार येतो. १९२५ च्या आधी तर मायक्रोफोनच नव्हता, सगळा बँड एका भोंग्यात तोंड घालून वाजवायचा, तेव्हापासून ट्यूबा आणि बँजो ही जोडी ठाण मांडून बसलेली. मायक्रोफोन आल्यावर हळूहळू डबल बेस आणि गिटार आले, पण तुझ्या फिल्म्स नेमक्या त्या बदलाच्या मधल्या आहेत.

लाइव्ह ओळखायची एक खूण सांगतो. टॅप डान्सर असेल तर बँडच्या आवाजाखाली त्याच्या बुटांचा आवाज ऐक. तो जवळ आला की मोठा, लांब गेला की बारीक, असं होत असेल तर शंभर टक्के तिथेच रेकॉर्ड केलंय. तसंच गायकाने मान फिरवली आणि आवाज पडला तरीही.

---

मधला_बार

जॅझ सिंगरबद्दल +१. त्या काळी अमेरिकेत जरा उड्या मारणारं कुठलंही गाणं जॅझ म्हणून खपायचं. वाचनखूण साठवली, जुनी_सुई यांचा प्रतिसाद स्वतंत्र लेखाच्या लायकीचा आहे.

---

बँजोवाली

आले आले.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं की हे मुळात डान्स बँड आहेत. हॉटेलच्या बॉलरूममधे लोक पैसे देऊन नाचायला यायचे, त्यांना चाल ओळखीची हवी, ठेका एकसारखा हवा आणि शब्द ऐकू यायला हवेत. म्युझिक पब्लिशर छापील अरेंजमेंट विकायचे, त्याला स्टॉक म्हणायचे, एकच स्टॉक देशभर शेकडो बँड वाजवायचे. आता सगळ्यांकडे तेच कागद असतील तर वेगळेपण कुठून आणणार? तर कागदात काटछाट करून आणि मधे एक जागा मोकळी सोडून. १० इंची तबकडीवर तीन मिनिटं मिळतात, त्यात सुरुवातीचा तुकडा, मग ३२ बारचं (बार म्हणजे चार मात्रांचं एक माप) एक आवर्तन सरळ, मग व्हर्स (गाण्याचा प्रस्तावनेचा भाग), मग गायक येऊन गातो, आणि या सगळ्यातून उरलेल्या अर्ध्या आवर्तनात बँडमधला जो 'हॉट' माणूस असेल त्याला सोडायचं. पगार त्याला जास्त असायचा आणि वाजवायला मिळायचे १६ बार. कधी कधी आठच. म्हणून तर ते १६ बार तसे वाजतात हो, बाटलीचं बूच उडाल्यासारखे.

तू वीस सेकंद म्हणतोस ना, घड्याळ लावून बघ, फॉक्सट्रॉटच्या लयीत १६ बार साधारण तेवढेच होतात.

आणि एक लक्षात घे, कंपन्यांना स्वतःला हॉट प्रकार फारसा नकोच असायचा. जीन गोल्डकेटचा बँड घे. ऑक्टोबर १९२६ मधे न्यूयॉर्कच्या रोझलँड बॉलरूममधे त्यांची फ्लेचर हेंडरसनच्या बँडशी आमनेसामने जुगलबंदी झाली आणि हेंडरसनच्या बँडमधल्या रेक्स स्टुअर्टने नंतर स्वतः लिहून ठेवलंय की आम्ही पार हरलो. असा बँड! आणि व्हिक्टर कंपनीने त्यांच्याकडून रेकॉर्ड काय करून घेतलं तर बहुतेक गोड गोड गाणी आणि दुसऱ्याच कुणाचा तरी गायक. तरी १९२७ चं 'माय प्रिटी गर्ल' काढून ऐक, सगळं नको, शेवटचं आवर्तन ऐक. स्टीव्ह ब्राउन डबल बेसच्या तारा ओढून लाकडावर आपटतो, चटाक् चटाक्, आणि अख्खा बँड जमिनीवरून उचलल्यासारखा होतो. त्या आधीची दोन मिनिटं हाच बँड आहे यावर विश्वास बसत नाही.

फिल्ममधे तर गायक आणि विनोद अजूनच वाढले कारण वॉर्नरला हे शॉर्ट म्हणजे थिएटरातल्या स्टेज शोची स्वस्त जागा भरायला हवे होते. आधी गावोगावच्या मोठ्या थिएटरात सिनेमाआधी बँड, जादूगार, नाचणारी जोडी असं काहीबाही प्रत्यक्ष असायचं. तेच डब्यात भरून पाठवायचं. म्हणून बँडनेही करमणुकीची सगळी खाती सांभाळायची.

बघायचंच तर १९२९ चा बेन पोलॅक आणि त्याच्या पार्क सेंट्रल ऑर्केस्ट्राचा शॉर्ट बघ. जॅक टीगार्डन, जिमी मॅकपार्टलंड आणि विशीतला बेनी गुडमन एकाच चौकटीत बसलेत, तिघांपैकी कुणालाच अजून जगाने ओळखलेलं नाही. त्याच वर्षीचा रेड निकल्स आणि फाइव्ह पेनीजचा बघ, त्यात एडी काँडन चक्क गातो, आणि क्लॅरिनेटवर पी वी रसेल. टॅल हेन्रीचा बँड फार नावाजलेला नाही पण त्यांचा १९२९ चा शॉर्ट मला वैयक्तिक फार आवडतो. रॉजर वोल्फ कानचा १९२७ चा आहे, हा गडी बँकर ओटो कानचा मुलगा, पैशाला तोटा नाही, पोरवयात स्वतःचा ऑर्केस्ट्रा काढला आणि पुढे सगळं सोडून विमानांच्या मागे लागला. हौशी माणूस म्हणून हसावं तर बँडमधे निवड मात्र अव्वल.

बिक्सबद्दल: मे १९२८ ची एक फॉक्स मूव्हीटोन न्यूजरील आहे, बँडलीडर पॉल व्हाइटमन व्हिक्टर कंपनी सोडून कोलंबियाकडे गेला त्याचा समारंभ. बँड वाजवतोय आणि मागे कॉर्नेट घेऊन उभा राहतो तो बिक्स. काही क्षणच. सोलो वगैरे नाही. बोलपटातला बिक्स म्हणजे एवढाच ऐवज.

---

चौथी_रांग

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. बुटांच्या आवाजाची खूण लावून लगेच दोन-तीन शॉर्ट परत बघितले आणि खरंच की, डान्सर डावीकडे सरकला की टकटक बारीक होते! हेडफोन लावून बघणाऱ्यांनी जरूर करून बघा.

पण मग 'किंग ऑफ जॅझ'चं काय? त्यात व्हाइटमनचा बँड आहे, ती फिल्म १९३० ची आहे, म्हणजे बिक्स असायला हवा होता ना? आणि तिथे कॅमेरा तर मोकाट फिरतो, मग ते लाइव्ह कसं?

---

जुनी_सुई

ते लाइव्ह नाहीच. १९२९ च्या सुरुवातीला 'ब्रॉडवे मेलडी'मधल्या एका मोठ्या नाचाच्या वेळी एमजीएम स्टुडिओने गाणं आधी रेकॉर्ड करून सेटवर वाजवलं आणि त्यावर नाच चित्रित केला. तिथून मोठ्या फिल्म्समधे प्लेबॅक रुळला. व्हाइटमनने 'किंग ऑफ जॅझ'ला तोच हट्ट धरला, गोंगाटाच्या सेटवर माझा बँड रेकॉर्ड करायचा नाही म्हणाला, आणि ऐकल्यावर पटतंच की त्याचं म्हणणं बरोबर होतं, आवाज बाकी १९३० च्या फिल्म्सपेक्षा फार स्वच्छ आहे. युनिव्हर्सलने त्यावर सुमारे २० लाख डॉलर उधळले. अगदी सुरुवातीला वॉल्टर लँट्झच्या स्टुडिओचं कार्टून आहे, टेक्निकलरमधलं पहिलं. आणि 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'चा प्रसंग मुद्दाम बघ, दोन रंगांच्या टेक्निकलरमधे धड निळा येतच नव्हता आणि नेमका निळ्यावरचा प्रसंग करायला घेतला, मग तो सगळा हिरवट मोरपिशी झालाय. दिसतो सुंदरच म्हणा.

बिक्सची चुकामूक मात्र फार वाईट. १९२९ च्या उन्हाळ्यात अख्खा बँड खास ट्रेनने कॅलिफोर्नियाला गेला, बिक्ससकट. युनिव्हर्सलकडे स्क्रिप्टच तयार नाही! काही महिने नुसते रेडिओ कार्यक्रम आणि पार्ट्या करून बँड परत न्यूयॉर्कला. सप्टेंबरमधे बिक्स कोलमडला, दारूने आधीच पोखरलेला होता, घरी पाठवावा लागला. नोव्हेंबरमधे शूटिंग सुरू झालं तेव्हा तो नव्हता आणि ऑगस्ट १९३१ मधे गेलाच, वय २८. स्क्रिप्ट वेळेवर झाली असती तर, असं मनात येतंच. पण त्याच फिल्ममधे जो व्हेनुटी आणि एडी लँग यांचा व्हायोलिन-गिटारचा छोटा तुकडा आहे तो चुकवू नकोस, लँगचा उजवा हात दिसतो. लँग १९३३ मधे गेला, त्याचंही चित्रित असं फार थोडं आहे.

---

खडूस_प्रेक्षक

सगळी चर्चा वाचली, माहिती झकास आहे, पण एक गोष्ट कुणी बोलेना म्हणून मीच वाईटपणा घेतो. वर जी नावं आली, पोलॅक, निकल्स, कान, टॅल हेन्री, व्हाइटमन, सगळे गोरे. हे संगीत ज्यांनी घडवलं ते कुठायत? किंग ऑलिव्हर बोलपटात नाही. जेली रोल मॉर्टन नाही. हेंडरसनचा तो रोझलँडचा बँड नाही. ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगने १९२५ ते २८ मधे हॉट फाइव्ह आणि हॉट सेव्हनच्या तबकड्या काढल्या, ज्यावर पुढचं सगळं जॅझ उभं आहे, त्या काळातली एक फूट बोलती फिल्म नाही, आणि १९३० ला तो पहिल्यांदा एका फिल्ममधे झळकला तर ती फिल्मच हरवली. 'किंग ऑफ जॅझ'चा शेवट आठवा, अमेरिकन संगीत कुणाकुणाच्या मिश्रणातून झालं ते दाखवायला एका मोठ्या कढईत इटालियन, स्कॉटिश, रशियन, सगळे ओततात, आणि आफ्रिकन अमेरिकन माणूस त्या कढईत नाही. जॅझच्या फिल्ममधे! त्यामुळे 'या शॉर्ट्समधे विसाचं जॅझ दिसतं' हे वाक्य जरा जपून वापरावं.

जे थोडं आहे ते डडली मर्फीमुळे आहे. त्याने १९२९ मधे दोन छोट्या फिल्म्स केल्या, आरकेओसाठी. एक 'सेंट लुई ब्लूज', बेसी स्मिथचा अख्ख्या आयुष्यातला एकमेव सिनेमा. ती बारच्या काउंटरला टेकून गायला लागते, आधी एकटीच, वाद्य नाही काही नाही, मग हळूहळू मागे टेबलांवर बसलेली गिऱ्हाईकं आवाज मिसळतात, ती सगळी खरं म्हणजे हॉल जॉन्सनचा गायकवृंद आहे, आणि बँडमधे पियानोवर जेम्स पी. जॉन्सन, म्हणजे ज्याने १९२३ ला 'चार्ल्स्टन'ची चाल बांधली तो. दुसरी 'ब्लॅक अँड टॅन', ड्यूक एलिंग्टन आणि फ्रेडी वॉशिंग्टन. त्यात पाच जण एकामागे एक चिकटून चकचकीत फरशीवर नाचतात आणि फरशीत त्यांची उलटी प्रतिबिंबं नाचतात, आणि नायिकेला भोवळ येते तेव्हा भिंगातून एकाचे दहा बँड होतात. १९२९ मधे! बंद खोलीतल्या कॅमेऱ्याच्या काळात! आणि तरी सुरुवातीला पियानो जप्त करायला आलेल्या दोन हमालांना वाचता येत नाही आणि जिनच्या बाटलीवर ते फितूर होतात, हा 'विनोद' आहेच. तोही बघावाच लागतो.

---

बँजोवाली

खडूसराव, मुद्दा मान्य, मी गोऱ्या बँडांचीच यादी दिली कारण प्रश्न व्हायटाफोनच्या काळ्या कोटवाल्यांबद्दल होता. पण 'जपून वापरावं' याला माझा थोडा विरोध आहे. टीगार्डन किंवा बिक्स यांना तुम्ही नक्कलवाले म्हणणार असाल तर नाही पटत, रेक्स स्टुअर्ट स्वतः बिक्सची जागा न जागा उचलायचा आणि तसं सांगायचाही. वाजवणारे एकमेकांचं ऐकत होते, रात्री उशिरा एकमेकांच्या क्लबात जाऊन बसत होते. भिंत होती ती कंत्राटात आणि कॅमेऱ्यापुढे.

आणि कॅमेऱ्यापुढची भिंत किती होती याचा नमुना देते. १९३० च्या 'चेक अँड डबल चेक'मधे एलिंग्टनचा बँड आहे. त्यातले हुआन टिझोल आणि बार्नी बिगार्ड रंगाने उजळ, तर पडद्यावर गोरे आणि काळे एकत्र बसलेत असं कुणाला वाटू नये म्हणून त्या दोघांच्या तोंडाला काळा रंग फासला. आणि त्याच फिल्ममधे 'थ्री लिटल वर्ड्स' गाताना एलिंग्टनचे वादक कर्ण्यापुढे नुसती तोंडं हलवतात, आवाज आहे ऱ्हिदम बॉइजचा, म्हणजे आधी व्हाइटमनकडे असलेला गायक बिंग क्रॉस्बी आणि मंडळी. चौथी_रांग, तुला प्लेबॅकचं उदाहरण हवं होतं ना, घे.

---

खडूस_प्रेक्षक

नक्कलवाले मी म्हटलंच नाही, पण असो, तो क्रॉस्बीचा किस्सा माझ्या मुद्द्याचाच पुरावा आहे.

अजून एक राहिलं, 'आफ्टर सेबेन', १९२९, पॅरामाउंट. मुख्य माणूस जेम्स बार्टन तोंडाला काळं फासून वावरतो, ते दात-ओठ खाऊन सहन करायचं, कारण मधे हार्लेमच्या (न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती) नाचणाऱ्या जोड्यांची स्पर्धा आहे, त्यात शॉर्टी स्नोडेन नाचतो, आणि मागे वाजवतोय चिक वेबचा बँड. लिंडी हॉपचा इतका जुना नाच बोलत्या फिल्मवर क्वचितच सापडतो. जोडी फिरता फिरता हात सोडते, दोघं आपापलं काहीतरी करतात आणि ठेका न चुकता परत हात धरतात. हॉट सोलो म्हणजे काय हे पायांत बघायचं असेल तर हे बघा.

---

निवांत_वाचक

मी फक्त वाचनमात्र असतो पण विचारतो. हे सगळं १९३१ नंतर एकदम थंड का पडलं? म्हणजे बँड शॉर्ट नंतरही येतात पण ती मजा नाही.

---

जुनी_सुई

दोन-तीन गोष्टी एकदम आल्या. 'ब्रॉडवे मेलडी' तुफान चालली, ऑस्करही मिळालं, मग सगळ्या स्टुडिओंनी गाण्यांचे सिनेमे इतके पाडले की १९३० च्या मध्यावर लोक विटले. 'किंग ऑफ जॅझ' त्याच लाटेत आपटली. तयार असलेल्या फिल्म्समधून गाणी कापून प्रदर्शित करायची वेळ आली. त्यात १९२९ चा शेअर बाजार कोसळलेला, बॉलरूम ओस, तबकड्यांची विक्री रसातळाला, रेडिओ फुकट. जे बँड टिकले ते गोड वाजवून टिकले. वॉर्नरनेही तबकडी सोडून आवाज फिल्मवरच घ्यायला सुरुवात केली, आवाजाची पट्टी चित्राच्या शेजारी आली.

आणि मूकपटाला साथ करणारे थिएटरातले वादक तर हजारोंनी घरी बसले. त्यांच्या युनियनने १९२९-३० मधे वर्तमानपत्रांत मोठमोठ्या जाहिराती दिल्या, त्यात एक लोखंडी यंत्रमानव वाद्य वाजवताना दाखवलाय, 'डबाबंद संगीत' नको म्हणून. उपयोग शून्य. ज्यांना कागद बघून पटकन वाजवता यायचं ते रेडिओच्या आणि सिनेमाच्या स्टुडिओत घुसले, पगार चांगला, हॉट वाजवायला मिळायचं नाही. गुडमननेही ती वर्षं रेडिओवर असंच काहीबाही वाजवत काढली.

---

मधला_बार

शोधणाऱ्यांना एक सूचना. सध्या या फिल्म्सच्या रंगवलेल्या, सेकंदाला ६० फ्रेमच्या, घुमारा घातलेल्या आवृत्त्या फार फिरतायत. त्या टाळा. खरखर काढायच्या नादात झांजांचा वरचा आवाज आणि ब्रशची सळसळ साफ पुसली जाते, म्हणजे आधीच बारीक असलेला ड्रमवाला पूर्ण गायब. काही ठिकाणी वादकांच्या डोक्यांचा वरचा भाग छाटलेला असतो, तेही बघून घ्या, तबकडीवाल्या फिल्ममधे चित्र पूर्ण चौकटभर असायचं आणि पुढे आवाजाच्या पट्टीसाठी कड कापून प्रिंट काढल्या त्यात ही मानकापणी झाली. अर्काइव्हने जोडणी करून काढलेली प्रत मिळाली तर तीच बघा. १९२९ पर्यंतच्या फिल्म्स १ जानेवारी २०२५ पासून अमेरिकेत पब्लिक डोमेनमधे आल्यात, त्यामुळे चांगल्या प्रती आता उघडपणे चढवल्या जातायत.

---

चौथी_रांग

सर्वांचे आभार. आज 'ब्लॅक अँड टॅन' आणि पोलॅक लावतोय, मग 'आफ्टर सेबेन'. बँजोवाली, ते घड्याळ लावून बघितलं, रेड निकल्सच्या शॉर्टमधला सोलो वीस सेकंदांच्या आसपासच भरतो. आता एकच उपप्रश्न, टॅल हेन्रीच्या बँडमधला तो ट्रम्पेटवाला कोण आहे?